अभिजात ख्रिस्ती शिक्षण: अभ्यासक्रमाविषयी पुष्कळ, शिकवण्याविषयी थोडे

धागाकर्ता: ओवरी

अमेरिकेत गेल्या चार दशकांत ‘अभिजात ख्रिस्ती शिक्षण’ या नावाने ओळखली जाणारी शाळांची एक चळवळ चांगलीच पसरली आहे. लॅटिन, तर्कशास्त्र, वक्तृत्व, होमर आणि व्हर्जिलपासून दान्तेपर्यंतचे ग्रंथ आणि या साऱ्याच्या मुळाशी ख्रिस्ती श्रद्धा, असे तिचे ढोबळ स्वरूप आहे. अशाच एका शाळेत मी लॅटिन शिकवतो. शाळांची फी, प्रवेश आणि महाविद्यालयात त्याचा होणारा उपयोग हे विषय मी मुद्दाम बाजूला ठेवतो आहे. वर्गात उभा राहिलेला शिक्षक नेमके काय करतो, एवढ्यापुरतीच चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९४७ साली डोरोथी सेयर्स या लेखिकेने ऑक्सफर्ड येथे एक भाषण दिले. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन शास्त्रांचा मध्ययुगीन गट, ज्याला ट्रिव्हियम म्हणतात, तो तिने मुलाच्या वाढीच्या तीन टप्प्यांवर बसवला. नऊ ते अकरा या वयात मुलाला पाठांतराची हौस असते, बारा ते चौदा या वयात उलट उत्तरे देण्याची आणि मोठ्यांच्या चुका काढण्याची, आणि त्यानंतर स्वतःचे काही सांगण्याची ओढ लागते. म्हणून त्या त्या वयाला ते ते शास्त्र द्यावे, असे तिचे म्हणणे होते. या सुधारणा कधी अमलात येतील असे तिला स्वतःलाही वाटत नव्हते. पुढे १९८१ साली आयडाहो राज्यातील मॉस्को या गावी डग्लस विल्सन यांच्या पुढाकाराने लोगोस स्कूल सुरू झाले, १९९१ साली विल्सन यांनी सेयर्सच्या भाषणाच्या आधारे एक पुस्तक लिहिले आणि तेथून शाळांची संख्या वाढत गेली. विल्सन यांच्या इतर मतांवर अमेरिकेत बरेच वाद आहेत. ते या धाग्यात आणू नयेत ही विनंती.

माझे म्हणणे असे आहे की या चळवळीने सेयर्सच्या भाषणातून अभ्यासक्रमाचा एक आराखडा घेतला आणि पुष्कळ ठिकाणी त्यालाच अध्यापनशास्त्र मानले. कोणत्या वयात काय शिकवावे हे आराखडा सांगतो. समोरच्या मुलाला ते कळले आहे की त्याने नुसते तोंडपाठ केले आहे, हे कसे ओळखावे याविषयी तो गप्प आहे. यात सेयर्सचा दोष नाही. आपला शिकवण्याचा अनुभव अगदी तुटपुंजा आहे हे तिने भाषणाच्या आरंभीच सांगितले होते, आणि ते तीन टप्पेही तिने मुख्यतः स्वतःच्या बालपणाच्या आठवणींवरून मांडले होते.

शिकवण्याची कला या परंपरेत शोधायची असेल तर फार मागे जावे लागते. मला सर्वांत उपयोगी पडलेला मजकूर इ. स. ४०० च्या सुमाराचा आहे. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथील देओग्रातियास नावाच्या डीकनने, म्हणजे पाद्र्याच्या खालच्या पायरीवरच्या चर्चच्या सेवकाने, संत ऑगस्टीन या बिशपकडे तक्रार केली होती की नवख्या लोकांना श्रद्धेची पहिली ओळख करून देताना आपले बोलणे लांबते आणि ते ऐकणाऱ्यांनाच काय, आपल्याला स्वतःलाही कंटाळवाणे वाटू लागते. ऑगस्टीनने त्याला उत्तरादाखल एक छोटेखानी ग्रंथच लिहून दिला. त्यात काय सांगावे हे तर आहेच, पण ग्रंथाचा मोठा भाग कंटाळ्याच्या चिकित्सेला दिलेला आहे, आणि ती चिकित्सा तो शिक्षकापासून सुरू करतो. आपल्या मनात विचार क्षणात चमकून जातो आणि शब्द मात्र मागून रखडत येतात, याचा शिक्षकाला वैताग येतो. प्राथमिक गोष्टी पुन्हा पुन्हा सांगण्याचा शीण येतो. श्रोता दगडासारखा बसून राहिला की उत्साह मावळतो. हातातले आवडते काम सोडून यावे लागले की मन तेथेच अडकलेले असते. यांतील प्रत्येक कारणावर तो वेगळा उपाय सुचवतो. पुन्हा पुन्हा सांगण्याच्या शिणाबद्दल तो म्हणतो की आपल्या नेहमीच्या पाहण्यातले एखादे सुंदर शहर किंवा रानमाळ आपण पाहुण्याला दाखवतो तेव्हा त्याच्या आनंदाने आपलाही आनंद नवा होतो. शिकणाऱ्यावर तेवढी माया असली की जुना धडाही शिक्षकाला नवा वाटतो. इतकेच नव्हे, तर ऐकणारा उभ्याने थकला असेल तर त्याला बसायला आसन द्यावे, इतक्या बारीक गोष्टीही त्यात आहेत.

याच ऑगस्टीनचा त्याआधीचा, ३८९ सालचा एक संवाद आहे. त्यात तो आपल्या अदेओदातुस या मुलाशी शब्द आणि ज्ञान यांच्या संबंधाविषयी बोलतो. शिक्षकाचे शब्द ही केवळ खूण असते, ते खरे की खोटे याची पारख शिकणारा स्वतःच्या आत करतो, आणि तेथे शिकवणारा खरा गुरू ख्रिस्त आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. शिक्षकाला काय वाटते ते शिकण्यासाठी आपल्या मुलाला शाळेत घालणारा बाप कोठे सापडेल, असेही तो विचारतो. ही भूमिका मान्य केली तर वर्गातील शिक्षकाचे काम बरेच बदलते.

एक साधे उदाहरण देतो. ‘अग्रिकोला पुएल्लाम आमात’ म्हणजे शेतकऱ्याचे मुलीवर प्रेम आहे. विभक्तीचे सगळे प्रत्यय तालासुरात म्हणून दाखवणारा मुलगाही ‘पुएल्लाम अग्रिकोला आमात’ असे लिहिले की हटकून मुलीचे शेतकऱ्यावर प्रेम असल्याचे सांगतो, कारण इंग्रजीत आधी येतो तो कर्ता अशी त्याच्या कानाची सवय असते. (मराठी घरातली मुले येथे क्वचितच अडतात.) अशा वेळी नियम पुन्हा सांगणे सोपे असते आणि बहुधा निरुपयोगी असते. मी दोन्ही वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहितो, कोणाचे कोणावर प्रेम आहे असे विचारतो आणि थांबतो. ते थांबणे लांबले की नव्या शिक्षकांना असह्य होते आणि ते स्वतःच उत्तर देऊन टाकतात. आमच्या प्रशिक्षणात अभ्यासक्रमावर दिवसच्या दिवस जातात. या थांबण्यावर कोणी बोलत नाही.

जाणकारांचे, आणि विशेषतः न पटणाऱ्यांचे, विचार वाचायला आवडतील.

शंकासुर

लेख आवडला, तरी माझ्या दोन शंका आहेत, त्यांतील दुसरी मला अधिक गंभीर वाटते.

पहिली शंका पाठांतराची. या शाळांतील लहान मुले लॅटिन प्रत्यय, इतिहासातील सनावळ्या आणि बायबलमधील उतारे गाण्यांच्या चालीवर म्हणतात, हे मी पाहिले आहे. आपल्याकडे ज्याला घोकंपट्टी म्हणून नावे ठेवली जातात तीच गोष्ट परदेशी नाव घेऊन आली की अभिजात कशी होते?

दुसरी शंका प्रामाणिकपणाची. विद्यार्थ्याने सत्य स्वतः पारखावे, शिक्षकाने प्रश्न विचारून थांबावे, हे ठीक आहे. परंतु ज्या शाळेचा निष्कर्ष तिच्या घटनेतच लिहिलेला आहे, तेथे प्रश्न विचारण्याला काय अर्थ उरतो? शेतकऱ्याचे प्रेम कोणावर आहे हे मुलाने स्वतः शोधावे आणि देव आहे की नाही हे मात्र शाळेने आधीच सांगून ठेवावे, अशी ही विभागणी दिसते.

गणिताची वही

शंकासुर यांच्या पहिल्या शंकेपुरते लिहिते. मी पुण्यात माध्यमिक शाळेत गणित शिकवते. ख्रिस्ती शिक्षणाशी माझा संबंध नाही. सातवीत अपूर्णांकांच्या छेदांचा लघुतम सामाईक विभाज्य काढताना ज्याला पाढे येत नाहीत त्याचे सारे लक्ष गुणाकारातच संपते आणि विचार करायला काही उरत नाही, हे मी रोज पाहते. पाठांतरावरचा माझा आक्षेप वेगळा आहे: पाठ झालेली गोष्ट पुढे कोठे वापरली जाते, हे पाहणारे कोणी नसते. परीक्षेपुरती ती बाहेर येते आणि तेथेच तिचा शेवट होतो. ओवरी यांच्या परंपरेत पाठांतर आणि वापर यांना जोडणारे काही ठरलेले काम आहे का, की प्रत्येक शिक्षकाने ते आपल्या हिकमतीवर करायचे असते?

ओवरी

दोघांचेही आभार. गणिताची वही यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात शंकासुर यांच्या पहिल्या शंकेचेही उत्तर येते.

असे ठरलेले काम होते, आणि त्याचे फार सुरेख वर्णन जॉन ऑफ सॉल्झबरी याने ११५९ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात सापडते. फ्रान्समधील शार्त्र येथील बर्नार्ड हा शिक्षक व्याकरण कसे शिकवत असे, ते त्यात आहे. जॉन स्वतः बर्नार्डचा विद्यार्थी नव्हता, पण बर्नार्डच्या हाताखाली तयार झालेल्यांकडे तो शिकला होता. बर्नार्ड कवीची रचना वाचून दाखवी, तिच्यातील व्याकरण आणि अलंकार उलगडी, पण सगळे एकदम न सांगता ऐकणाऱ्याच्या कुवतीप्रमाणे थोडे थोडे सांगे. आदल्या दिवशी ऐकलेल्यातील काही भाग प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवावा लागे, त्यामुळे आजचा दिवस कालच्या दिवसाचा शिष्य होई, असे जॉन म्हणतो. संध्याकाळी व्याकरणाचा वेगळा सराव असे. त्याशिवाय विद्यार्थी रोज गद्य आणि पद्य लिहीत, आणि वाचलेल्या लेखकांचे अनुकरण करीत. म्हणजे पाठ केलेले दुसऱ्याच दिवशी तोंडातून आणि लगेच लेखणीतून बाहेर येत असे.

मला या वर्णनातील सर्वांत मोलाची जागा उचलेगिरीविषयीची आहे. एखाद्या मुलाने आपल्या लिखाणाला दुसऱ्याच्या भरजरी ओळींचे ठिगळ लावले तर बर्नार्ड ती चोरी उघडी करी, पण बहुतेक वेळा शिक्षा करीत नसे. ठिगळ विजोड दिसत असेल तर तो मुलाला सौम्यपणे मूळ लेखकाचे खरे अनुकरण करायला लावी, आणि जो पूर्वसुरींचे असे अनुकरण करतो तोच पुढच्यांना अनुकरणीय होतो, असे समजावी. आज यंत्राकडून निबंध लिहून आणणाऱ्या मुलांशी कसे वागावे यावर शिक्षकांच्या बैठकी चालतात, तेव्हा मला हे हटकून आठवते. त्याच प्रकरणात बर्नार्ड काहींना समजावून, तर काहींना छडीने वळणावर आणी असेही लिहिले आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

आता शंकासुर यांची दुसरी शंका. ती रास्त आहे. आमच्या शाळांत प्रश्नोत्तरांच्या नावाखाली पुष्कळदा जे चालते ते मुठीत उत्तर लपवून मुलांना ओळखायला लावण्यासारखे असते, आणि मुले हुशार असतात; शिक्षकाच्या चेहऱ्यावरून ती मूठ वाचायला शिकतात. परंतु परंपरेकडे पाहिले तर विभागणी आपण म्हणता तितकी सोपी नाही. बाराव्या शतकात आबेलार्ड या फ्रेंच तत्त्वज्ञ-शिक्षकाने १५८ प्रश्न घेऊन प्रत्येकावर चर्चच्या पूज्य आचार्यांचीच परस्परविरोधी वचने समोरासमोर मांडली आणि त्यांचा निकाल न देता ती विद्यार्थ्यांपुढे ठेवली. देव एकच आहे की नाही, असे प्रश्नही त्यांत आहेत. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञाने देवाच्या अस्तित्वाच्या प्रश्नाची सुरुवातच ‘देव नाही असे दिसते’ या बाजूने केली आणि जगातील दुःखाचा आक्षेप सर्वांत आधी मांडला. निष्कर्ष काय यायचा हे दोघांनाही ठाऊक होते, हे खरेच. पण समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडता आल्याखेरीज उत्तर द्यायचा अधिकार मिळत नाही, ही शिस्त त्यांनी विद्यार्थ्याला लावली. अक्विनास शिक्षकाची तुलना वैद्याशी करतो. रोगी बरा होतो तो स्वतःच्या प्रकृतीच्या बळावर, वैद्य त्या बळाला मदत करतो. तसे शिकणाऱ्याची बुद्धीच शिकते. नास्तिकाची बाजू विद्यार्थ्यांना कच्ची करून शिकवणारी शाळा या परंपरेतून बाहेर पडते, असे मला वाटते, मग ती दारावर कोणतीही पाटी लावो.

शंकासुर

आबेलार्डच्या पुस्तकाचे मला माहीत नव्हते. तरीही एक टोचणी राहते. विद्यापीठातील तरुणाला विरुद्ध बाजू मांडायला लावणे निराळे आणि दहा वर्षांच्या मुलाला श्रद्धेचा मजकूर गाण्यातून पाठ करवून मग पंधराव्या वर्षी ‘आता वाद घाल’ म्हणणे निराळे. त्या वेळी त्याच्या मनातील पारडे आधीच झुकलेले असते. अर्थात राष्ट्रगीतापासून संविधानाच्या उद्देशिकेपर्यंत प्रत्येक शाळा असे काही ना काही पाठ करवून घेतेच, हेही मी मान्य करतो. माझा आक्षेप त्यामुळे थोडा बोथट होतो, नाहीसा होत नाही.

साष्टीकर

या चर्चेत गोव्याचा उल्लेख व्हायला हवा, कारण अमेरिकेतील ही मंडळी ज्या परंपरेचा वारसा सांगतात तिची एक शाखा चारशे वर्षांपूर्वी आमच्या दारात आली होती आणि मराठीत बोलत होती.

जेझुइटांनी, म्हणजे कॅथलिक चर्चमधील एका धर्मसंघाच्या पाद्र्यांनी, आपल्या शाळांसाठी केलेली अध्यापनाची नियमावली १५९९ साली अंतिम स्वरूपात आली. तिच्यातील केंद्रस्थानची गोष्ट ‘प्रीलेक्शन’ ही होती: विद्यार्थ्याने उतारा स्वतः अभ्यासण्याआधी शिक्षकाने तो मोठ्याने वाचायचा, त्याचा आशय थोडक्यात सांगायचा, अवघड जागा सोडवून द्यायच्या, आणि मग बाजूला व्हायचे. त्यानंतर उजळणी, लेखन आणि मुलांच्या दोन पक्षांमधील चढाओढ. ओवरी यांच्या ‘थांबण्या’ला ही चांगली जोड आहे, कारण नुसते थांबून चालत नाही, मुलाला स्वतः चालता येईल इतकी वाट आधी मोकळी करून द्यावी लागते.

ती नियमावली पक्की होण्याच्या वीस वर्षे आधी, १५७९ साली, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला होता. त्याचे बहुतेक आयुष्य दक्षिण गोव्यातील साष्टीत गेले. त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा तो ग्रंथ आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती आणि ती सुटल्याची रुखरुख होती, हे ओळखून त्याने बायबलची कथा त्यांच्याच छंदात आणि त्यांच्याच भाषेच्या वळणाने सांगितली. ऑगस्टीनने देओग्रातियासला श्रोता पाहून बोलायला सांगितले होते; त्या उपदेशाचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. अमेरिकेतील चळवळ व्हर्जिलला प्रमाण मानते, स्टीफन्सने ओवीला मानले.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, सुरू झाले होते आणि साष्टीतील देवळे त्यानंतर काही वर्षांतच पाडली गेली होती. स्टीफन्सचे श्रोते पूर्णपणे आपखुशीने समोर बसलेले नव्हते. शिकवण्याची कला कितीही उंचीची असली तरी ऐकणाऱ्याला उठून जाण्याची मुभा होती की नव्हती, हा प्रश्न तिला चिकटलेला राहतो, आणि शंकासुर ज्या पारड्याविषयी बोलत आहेत त्याचे वजन आमच्याकडे फार होते.

पैलतीर

मी टेक्सासमध्ये राहते. आम्ही हिंदू आहोत. जवळच्या अशा एका शाळेतील वाचन आणि शिस्त पाहून मुलीला तेथे घालावे का, या विचारात आहोत. शाळेनेही आम्हाला सर्व स्पष्टपणे सांगितले आहे, त्यामुळे श्रद्धेच्या बाबतीत आमची फसवणूक होईल असे वाटत नाही. माझी भीती निराळी आहे. ओळखीच्या एका कुटुंबातील मुलगा दुसऱ्या एका शाळेत जात होता, आणि दर आठवड्याच्या लॅटिन चाचण्या, भिंतीवरचा गुणतक्ता आणि चढाओढ यांमुळे वर्षभरात पुस्तक पाहिले की तोंड फिरवू लागला. साष्टीकर यांनी चढाओढीचा उल्लेख केला म्हणून विचारते: ती या पद्धतीचा अटळ भाग आहे का? आणि प्रवेशाआधी शाळेत जाऊन पाहायची संधी मिळते, तेव्हा काय पाहावे?

ओवरी

साष्टीकर यांनी दिलेली जोड आणि त्यांचा इशारा, दोन्ही मान्य. शंकासुर यांची टोचणीही मी मिटवू शकत नाही. ती शिक्षकाच्या मनात राहिलेलीच बरी.

पैलतीर ताई, चढाओढ परंपरेत आहे, पण तिच्याविषयीची सावधगिरीही तितकीच जुनी आहे. इ. स. ४०३ च्या सुमारास संत जेरोमने लाएता नावाच्या रोमन आईला तिच्या पाउला या लहान मुलीच्या शिक्षणाविषयी पत्र लिहिले. त्याने लाकडाची किंवा हस्तिदंताची अक्षरे करून मुलीला त्यांच्याशी खेळू द्यायला सांगितले, त्यांचा क्रम मुद्दाम मोडून तिला ती ओळखायला लावावीत असे सुचवले, आणि मेणाच्या पाटीवर लिहिताना तिचा हात धरायला सांगितले. सोबतीला इतर मुली असाव्यात, त्यांचे कौतुक झाले की तिलाही चेव येईल, असे तो म्हणतो. पण ती मागे पडली तर रागावू नये, आणि लहानपणी अभ्यासाविषयी मनात बसलेली अढी मोठेपणीही टिकून राहील अशी वेळ मुळीच येऊ देऊ नये, असेही तेथेच बजावतो. हस्तिदंती अक्षरांची कल्पना त्याने पहिल्या शतकातील क्विंटिलियन या वक्तृत्वशिक्षकाकडून घेतली होती, आणि क्विंटिलियन तर मुलांना मारण्याच्या ठाम विरोधात होता. स्वतः ऑगस्टीनला शाळेत मार बसला होता. धाकाखाली शिकावे लागलेल्या ग्रीकविषयी त्याच्या मनात किती तिटकारा होता, आणि लॅटिन मात्र दायांच्या लाडात, हसत-खेळत आपोआप कसे आले, हे त्याने आपल्या आत्मकथनात लिहिले आहे. तेव्हा भिंतीवरच्या गुणतक्त्याला परंपरेचा आधार शोधणाऱ्या शाळेने परंपरेचा एकच परिच्छेद वाचला आहे, असे खुशाल समजावे.

शाळा पाहायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांच्या सादरीकरणापेक्षा एका पूर्ण तासाला मागच्या बाकावर बसण्याची परवानगी मागा, आणि शक्य झाल्यास तो तास चौथी ते सहावीच्या वर्गाचा असू द्या. शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ गप्प राहू शकतात ते पाहा. मुलाचे उत्तर चुकले तर ते लगेच दुसऱ्या हात वर केलेल्या मुलाकडे वळतात, की त्याच मुलाला ‘हे तुला कशावरून वाटले’ असे विचारतात, यावरून बरेच कळेल. एखादी वही चाळायला मिळाली तर तिच्यात फळ्यावरून उतरवलेला मजकूर किती आणि मुलाने स्वतः रचलेली, खोडलेली, पुन्हा लिहिलेली वाक्ये किती, हे पाहा. वरच्या वर्गाचा वादविवाद पाहायला मिळाला तर नास्तिकाची किंवा अन्य धर्मीयाची बाजू कोण मांडतो आणि ती ऐकताना आपल्याला अवघडल्यासारखे होते का, हे तुमच्याइतके चांगले कोणी ओळखू शकणार नाही. आणि शिक्षकांना भेटाल तेव्हा त्यांना एवढे जरूर विचारा, की तोच धडा दरवर्षी शिकवताना त्यांना कंटाळा येतो का. ‘कधीच नाही’ असे झटकन उत्तर देणाऱ्यांपेक्षा, येतो असे सांगून त्यावर आपण काय करतो हे सांगू लागणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात मी माझे मूल आधी बसवीन.